पोटखराब जमिनीची ६३ नावं

गेल्या आठवड्यात गणपती करून पुण्याला परतले आणि पंधरा महिने चाललेलं काम एकदाचं संपलं. राजापूर तालुक्यातल्या एका गावातल्या माणसांना त्यांच्या सड्याचं मोल काय वाटतं, ते पद्धतशीर समजून घ्यायचं, असं ते काम. माझ्या पीएच.डी.चा क्षेत्रकामाचा टप्पा. सुरुवातीला इतकी गांगरले होते की पहिले तीन आठवडे नुसती वाचत बसले. परवानगी कुणाची लागते, खर्च किती येतो, लोकांना नेमकं विचारायचं काय, हे सांगणारं मराठीत काही हाती लागलं नाही. टेकडी, गायरान, नदीकाठ, देवराई अशा कुठल्याही जागेसाठी कुणी असं काम करायला निघालं तर त्याचा थोडा वेळ वाचावा, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. कोकणात घाटी चढून वर आलं की माथ्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार लागतं, तो सडा. मे महिन्यात काळा, तापलेला, पाय ठेववत नाही असा. जूनचे पहिले पाऊस पडले की दीपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे सप्टेंबरात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात, आणि दिवाळीच्या सुमाराला सगळीकडे गवत. त्याच कातळावर कुठे कुठे कातळशिल्पं कोरलेली आहेत. त्यातली काही स्थळं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

जून २०२३ मध्ये सुरुवात घरबसल्या केली. महसूल खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे सातबारा काढले. एका उताऱ्याला १५ रुपये. सड्यावरचे २२ गट होते, त्यांचे ३३० रुपये झाले. जवळपास प्रत्येक उताऱ्यावर मोठं क्षेत्र ‘पोटखराब, वर्ग अ’ म्हणून लावलेलं, म्हणजे लागवडीस अयोग्य, आकारणी नाही. एका गटावर ४७ जणांची नावं होती, त्यातली निम्म्याहून जास्त माणसं मुंबईत. हा कागद आधी हातात असू द्या. सरकारदरबारी ती जागा काय म्हणून नोंदलेली आहे हे ठाऊक असलं की पुढे लोक जे सांगतात ते नीट कळतं, आणि खातेदार कोण, गावात राहतं कोण, यातला फरकही आधीच दिसतो.

मग संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज. ‘भूदृश्य म्हणजे नक्की काय मोजणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी २० ऑक्टोबर २००० ला फ्लॉरेन्समध्ये झालेल्या युरोपीय भूदृश्य कराराचा आधार दिला. लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश म्हणजे भूदृश्य, अशीच त्यातली व्याख्या आहे. तेवढ्यावर ते मानले, पण संमतिपत्रावर गाडी अडली. तीन पानी पत्र, प्रत्येकाची सही किंवा अंगठा हवाच, असा आग्रह. मी परोपरीने सांगितलं की जिथे जमिनीच्या व्यवहारांची धास्ती आहे तिथे बाहेरून आलेल्या बाईच्या कागदावर कुणी अंगठा उठवणार नाही, आणि उठवूही नये. सात आठवडे गेले. अखेर तोंडी संमती ध्वनिमुद्रित करायची आणि मजकूर मराठीत वाचून दाखवायचा, यावर मंजुरी आली. तुमचंही काम जमिनीशी संबंधित असेल तर तोंडी संमतीची मागणी पहिल्याच अर्जात कारणासह लिहा, माझ्यासारखी दुरुस्तीत घालू नका.

ते सात आठवडे फुकट जाऊ दिले नाहीत. त्याच काळात ग्रामपंचायतीला अर्ज केला, ‘सर्वेक्षणाची परवानगी मिळणेबाबत’. ग्रामसेवकांनी तो वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, “मॅडम, ‘सर्वे’ शब्द काढा. आत्ता तो शब्द घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका.” मला एवढंही सुचलं नव्हतं याची फार लाज वाटली. एप्रिलमध्येच बारसूच्या सड्यावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी, मोठं आंदोलन झालं होतं, पोलीस बंदोबस्त लागला होता, सगळा तालुका ढवळून निघाला होता. आणि मी जुलैत त्याच तालुक्यात ‘सर्वे’ करायला निघाले होते. नवा अर्ज लिहिला. त्यात मोजणी करणार नाही, माती-दगडाचा नमुना घेणार नाही, ड्रोन उडवणार नाही, हे तीन वेगळ्या ओळींत लिहिलं. मासिक सभेत ठराव व्हायला १९ दिवस लागले. त्या ठरावाची शिक्क्याची प्रत पुढे कायम पर्समध्ये होती आणि निदान दहा वेळा दाखवावी लागली. पोलीस पाटलांनाही आधी भेटून घेतलं होतं. मात्र लोकांचा खरा विश्वास बसला तो माझी मावशी त्याच गावात दिलेली आहे म्हणून. तिच्याच घरी राहिले. ज्याचं गावात कुणी नाही त्याने पहिल्या फेरीत एकही प्रश्न न विचारता चार दिवस नुसतं राहून यावं, असं मी सुचवेन.

आता पद्धतींबद्दल. जागेचं मोल पैशात काढायचं तर पुस्तकांत ठरलेले रस्ते आहेत. लोक तिथे पोचायला किती वेळ-पैसा खर्च करतात त्यावरून अंदाज बांधायचा, हा एक. सातारच्या कासला तो लागू पडेल. तिथे लोक लांबून गाड्या करून येतात, प्रवेशशुल्क भरतात. आमच्या सड्यावर माणसं अनवाणी, डोक्यावर भारा घेऊन येतात, तिथे कसला खर्च धरणार? दुसरा रस्ता सरळ विचारण्याचा: ही जागा आहे तशी राहावी म्हणून तुम्ही किती द्याल? १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडलं, त्यानंतर नुकसानभरपाईच्या वादात ही पद्धत फार गाजली. ती कितपत भरवशाची हे ठरवायला केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिने बारीकसारीक नियम घालून दिले. त्यातला एक नियम असा की ‘भरपाई किती घ्याल’ असं विचारू नका, ‘किती द्याल’ असं विचारा.

मी तसंच विचारलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात १२ जणांवर चाचणी घेतली. सात जणांनी शून्य सांगितलं, दोघांनी विषय बदलला. एका काकांनी पडवीतून उठून मला पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, “सडा आमचो. मगे आमीच पैसे भरूचे? आणि ते कोणाक?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकी भाषेत असल्या शून्याला निषेधाचं शून्य म्हणतात आणि बहुतेक वेळा हिशेबातून ते वगळतात. मी त्या रात्री वहीत लिहिलं की हे वगळायचं नाही. ज्याची जागा त्यालाच पैसे मागणारा प्रश्न चुकीचा आहे, हेच त्या सात जणांनी मला सांगितलं होतं.

दुसरी चूक भाषेची होती. प्रश्नावलीत ‘किंमत’ आणि ‘महत्त्व’ हे दोन शब्द होते. ‘किंमत’ म्हटलं की लोक गुंठ्याचा भाव सांगत. ‘महत्त्व’ म्हटलं की शाळेतल्या निबंधासारखं, झाडं लावली पाहिजेत वगैरे. मावशीशी बोलता बोलता प्रश्न सापडला. तिला म्हटलं, समज उद्या सड्यावर जायची वाट बंद झाली, तर तुझं काय अडेल? ती पीठ मळत होती. हात न थांबवता तिने अकरा गोष्टी सांगितल्या. पुढचं सगळं काम या ‘काय अडेल?’ वर उभं राहिलं.

गणपती १९ सप्टेंबरला होते. चाकरमानी येतात, बंद घरं उघडतात. गावात १८६ घरं, त्यातली ६१ एरवी कुलुपात. जमीन त्यांच्याही नावावर आहे, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं, आणि ते भेटतात दीड ते सात दिवस. आरती-भजनांच्या मधल्या वेळात २४ जणांशी बोलले. या फेरीत फोटो वापरले. एकाच आकाराचे २४ फोटो, १२ रुपयांना एक याप्रमाणे छापून घेतलेले. ते आवडीप्रमाणे मांडायचे आणि का ते सांगायचं. मुंबईकरांनी जवळजवळ सगळ्यांनी फुलांचे आणि सड्याच्या टोकावरून दिसणाऱ्या समुद्राचे फोटो वर ठेवले. गावात राहणाऱ्या एका आजीने मात्र फोटो चाळले, पुन्हा चाळले आणि गठ्ठा परत दिला. “ह्यात सडा खंय हा, बाय? सगळो पावसातलो.” तिचं खरं होतं. मी सगळे फोटो जुलै-ऑगस्टमध्ये काढले होते. तिचा सडा मे महिन्यातला, आमसुलं वाळत घालायचा, रात्री गार वाऱ्याला जाऊन बसायचा. वर्षभराचे फोटो हाताशी नसतील तर फोटोंची पद्धत वापरूच नका, आणि काही फोटो गावातल्याच लोकांना काढायला सांगा.

नकाशाचं काम मला सगळ्यात आवडलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्रेग ब्राउन या संशोधकाने अलास्कातल्या चुगाच राष्ट्रीय वनासाठी लोकांना टपालाने नकाशे आणि चिकटवायचे ठिपके पाठवले होते: सौंदर्य, उपजीविका, इतिहास, श्रद्धा अशा एकेका मोलाला एकेक ठिपका, हवा तिथे लावा. तेच करायचं ठरवलं. सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावरून गटांच्या सीमा घेतल्या, उपग्रहचित्रावर बसवल्या आणि राजापुरातल्या फ्लेक्सवाल्याकडून तीन बाय चार फुटांचा नकाशा ३०० रुपयांत छापून घेतला. कागदावर छापू नका, कोकणच्या दमट हवेत तो दोन दिवसांत लोळागोळा होतो. माझे कागदी ठिपकेसुद्धा पाकिटातच एकमेकांना चिकटून बसले. मावसबहिणीने दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल, हिरव्या, निळ्या, काळ्या, पिवळ्या. फ्लेक्सवर टिकली छान बसते आणि मन बदललं तर अलगद निघतेही. बायका एरवी नकाशा म्हटलं की मागे सरायच्या, त्या टिकली हातात आल्यावर पुढे झाल्या. एकीने नकाशा खळ्यात पसरून आधी गरागरा फिरवला आणि देवळाची बाजू देवळाकडे आल्यावरच थांबली. तोवर मी उत्तर दिशा वर धरून सगळ्यांना गोंधळात टाकत होते.

एकूण ७४ जणांशी बोलणं झालं. ५० गावात राहणारे, त्यातल्या ३१ बाया, आणि २४ चाकरमानी. प्रत्येकाला १० टिकल्या. पुस्तकातून घेतलेल्या यादीत १२ प्रकारची मोलं होती, ती तिसऱ्याच दिवशी अपुरी पडली. मुलांनी एका ठिकाणी टिकल्यांचा ढीग केला. विचारलं तर म्हणाली, “तिथे रेंज येते.” गाव खोलात आहे. टाळेबंदीतली सगळी शाळा मुलांनी त्या कातळावर छत्री घेऊन बसून केली होती. क्रिकेटचं मैदानही तेच. यादीत ‘मनोरंजन’ होतं, पण दहावीचा अभ्यास जिथे केला ती जागा त्यात कशी बसवायची? ‘इतर’ रकाना मोठा ठेवा आणि माणूस जे शब्द वापरतो तेच लिहा.

एका बापयाने तीन टिकल्या स्वतःच्या गटावर लावल्या आणि म्हणाला, “मला हा विकायचा आहे. चिरेखाणवाला दर देतोय. मुलीला नर्सिंगला घालायचंय.” माझा चेहरा पडला असणार. सडा राखला जावा असं मला मनापासून वाटतं, आजही वाटतं. पण त्या टिकल्याही नकाशावर आहेत, त्याच्याच शब्दांत. त्या काढल्या असत्या तर तो नकाशा माझा झाला असता.

आणि एक जागा नकाशावर नाही. ७४ पैकी ९ जणांनी वेगवेगळ्या वेळी तिचा उल्लेख केला, आणि एका गावकाराने, म्हणजे गावाच्या मानकऱ्याने, स्पष्ट सांगितलं, राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची जागा आहे, कागदावर घालू नकोस. घातली नाही. फोनमधली जीपीएस नोंदही त्याच्यासमोर पुसली.

ऑक्टोबरच्या शेवटी गवतकापणी सुरू झाली तेव्हा तिसरा प्रकार केला, बरोबर चालत बोलायचा. त्यासाठी वेगळं काही लागत नाही. फोनवर मार्ग नोंदवणारं ॲप, खिशात ध्वनिमुद्रक, टोपी, पाणी, आणि ज्याच्याबरोबर चालायचं त्याच्या वेळेला उठायची तयारी. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला एका काकींबरोबर निघाले. घरात चाळीस मिनिटं बोलून त्यांनी मला चार वाक्यं दिली होती. वाटेला लागल्यावर त्या थांबेनात. हातातल्या विळ्याने दाखवत चालल्या: ही तळवणी, ही घोडेखूर, इथे माझी सासू पहिल्या पावसाला कान लावायची, पाणी आत उतरताना आवाज येतो म्हणायची. मीही कातळाच्या भेगेशी कान नेला, ऑक्टोबरात काय ऐकू येणार! पण सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपून खाली पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, आणि विहिरींना लागतं, हे काकींना पक्कं ठाऊक होतं. कुठल्या भेगेचं पाणी कुणाच्या विहिरीला, हेही त्यांनी बोट ठेवून सांगितलं. भारा डोक्यावर घेताना त्यांनी एक लहान भारा माझ्याही डोक्यावर दिला. पाचशे पावलांत मान दुखायला लागली आणि वाटेतल्या एका उंच दगडाचं काम मला तेव्हा कळलं. भारा कुणाच्या मदतीशिवाय उतरवून टेकता यावा म्हणून तो तिथे आहे. माझ्या उपग्रहचित्रात तो नव्हता. त्याला नावही आहे, ‘इसावो’.

अशा १४ फेऱ्या झाल्या आणि सड्यावरची ६३ ठिकाणांची नावं जमली. सातबाऱ्यावर तिथे २२ गट क्रमांक आहेत.

पैशांचा प्रश्नही बदलून पुन्हा विचारला. सडा राखायला, वणवा विझवायला, तळी उपसायला वर्षातले किती दिवस द्याल? यावर कुणी चिडलं नाही. बहुतेकांनी दोन ते चार दिवस सांगितले, मुंबईकरांनी गणपतीतला एक दिवस. दिवसांचं रुपयांत रूपांतर करा, असं मार्गदर्शकांनी सुचवलं. मी केलं नाही, प्रबंधात कारण लिहिलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

डिसेंबर ते फेब्रुवारी ध्वनिमुद्रणं उतरवण्यात गेले. एका तासाच्या बोलण्याला मला सहा तास लागत. बोली तशीच ठेवायची तर हे काम दुसऱ्याकडे देऊन चालत नाही. हा काळ सगळ्यात कंटाळवाणा आणि एकटेपणाचा होता. रोज एकच ध्वनिफीत, असा नेम केला म्हणून तरले.

निष्कर्ष गावापुढे मांडायचे हे आधीपासून ठरलेलं होतं. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या, बॉनला २०२२ मध्ये मंजूर झालेल्या अहवालात निसर्गाचं मोल समजून घ्यायच्या पन्नासहून जास्त पद्धतींची नोंद आहे, आणि तपासलेल्या हजारावर अभ्यासांपैकी निष्कर्षांवर लोकांचं मत घेतलेले अभ्यास जेमतेम दोन टक्के. मी १ मेची ग्रामसभा धरून चालले होते. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ग्रामसेवक म्हणाले, आता नको. शिमग्याला गेले तेव्हा नुसती पालखी नाचताना पाहिली आणि परत आले. मतदान ७ मेला झालं, जूनमध्ये आचारसंहिता उठली, तर लावणी सुरू. अडीच महिने गेले. तुम्ही तारखा ठरवताना निवडणुका, लावणी आणि कापणी या तिन्ही कॅलेंडरवर आधी खुणा करा.

शेवटी १५ ऑगस्ट २०२४ ला झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत मला वीस मिनिटं मिळाली. आलेख दाखवले नाहीत, फक्त टिकल्यांचा नकाशा आणि नावं. सभेने नऊ दुरुस्त्या सांगितल्या. दोन ठिकाणांच्या नावांवरून दोन वाड्यांत वाद झाला, म्हणून दोन्ही नावं ठेवली. गटांचे क्रमांकही नकाशावर हवेत, उद्या काही कागदपत्र करायची वेळ आली तर नुसत्या नावांना कोण विचारणार, असं एका तरुणाने सांगितलं, ते घातलं. गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीला हा नकाशा जोडावा अशी सूचना आली आणि ठरावात लिहिली गेली. प्रत्यक्ष जोडायला गावाच्या जैवविविधता समितीची बैठक व्हायला लागते, ती अजून झालेली नाही. मी अधूनमधून फोन करतेय.

खर्चाचं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून सांगते. पुण्याहून गावाला ११ फेऱ्यांचा प्रवास साधारण ८,९०० रुपये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यात भागलं. फ्लेक्स दोनदा ६००, फोटो २८८, टिकल्या १४०, उतारे ३३०, शेवटचा मोठा नकाशा लॅमिनेशनसह १,२५०. किरकोळ धरून बारा हजारांच्या आत. मावशीने राहण्या-जेवण्याचे पैसे घेतले नाहीत, ते धरले तर आकडा दुप्पट होईल.

लॅमिनेट केलेला नकाशा ग्रामपंचायतीत पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर लावला आहे. परवा गणपतीत बघायला गेले तर त्यावर कुणीतरी बॉलपेनने दोन नावं वाढवलेली. एक घाटीच्या तोंडाशी, एक मैदानाच्या मागे. लॅमिनेशनवर पेन उठत नाही, म्हणून दाबून दाबून कोरल्यासारखं लिहिलेलं. फोटो काढून आणला आहे. माझ्या फाइलीत आता ६५ नावं आहेत. मथळ्यात ६३ ठेवलं, कारण जमा केलेल्या प्रबंधात तेवढीच आहेत.